आधी पत्ता, मग कात्री

(हे भाषण म्हसवडला कॉलेजच्या मुलामुलींसमोर झालं. ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे, माईकची खरखर तेवढी काढली.)

मागे आवाज येतोय ना? हां, ठीक.

मी इथलीच. शाळा म्हसवडला, अकरावी-बारावी साताऱ्यात, पुढचं सगळं पुण्याला. गेली चार वर्षं मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये पीएचडी करतेय. पीएचडी म्हणजे काय, तर मी माश्या पाळते. (हशा) हसा, हसा. माझे बाबाही पाहुण्यांना सांगतात, "पोरगी संशोधन करते." पाहुण्यांनी "कशावर?" विचारलं की चहा आणायला आत जातात.

एकदा चुलत्यांनी विचारलं, "माशी म्हणजे आंबा-पेरूवरची फळमाशी का? मग तिच्यावर काहीतरी औषध शोध की, आमचं भलं होईल." तर ती माशी वेगळी. ती फळात अंडी घालते आणि फळ नासवते. माझी माशी म्हणजे केळं जास्त पिकलं की त्याच्याभोवती जी बारीक चिलटं घोंगावतात ना, ती. जेमतेम तीन मिलिमीटरची. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. तिच्या शरीरात एका ठरावीक जनुकात, ठरावीक जागी, मला हवा तो बदल करायचा, आणि मग माशीचं काय होतं ते बघायचं, हे माझं काम. याला जीन टार्गेटिंग म्हणतात.

आज मी तेच सांगणार आहे. पण सुरुवात लॅबपासून नाही करत. आत्यापासून करते.

आत्याचा प्रश्न

मला एक सख्खी आत्या. आटपाडी तालुक्यात दिलेली. तिला एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगा लहानपणी अगदी गुटगुटीत, पोटऱ्या अशा भरलेल्या की सगळे म्हणायचे, हा पैलवान होणार. चार-पाच वर्षांचा झाला तेव्हा तो जिना चढताना थांबायला लागला. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत टेकत उठायचा. अकरा वर्षांचा झाला आणि चालणं थांबलं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, ड्युशेन म्हणतात त्याला. त्या भरलेल्या पोटऱ्या ताकदीच्या नव्हत्या. स्नायू झिजून त्या जागी चरबी भरत होती.

दोन वर्षांपूर्वी रथाच्या दिवशी सगळे पाहुणे आमच्याकडे आले होते. तुम्हाला सांगायला नको, सिद्धनाथाच्या रथाला घर कसं भरतं. दुपारी गुलालानं लाल झालेले सगळे जेवून आडवे झालेले, आणि आत्या माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तू माशांच्या अंगातलं काय ते बदलतीस म्हणं?"

मी म्हटलं, "हो, जीन. जनुक."

"मग माझ्या लेकराचं का न्हाय बदलत?"

मंडळी, मी कॉन्फरन्समध्ये बोलले आहे, परीक्षकांनी उलटतपासणी घेतली आहे, पण इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तेव्हा काहीतरी पुटपुटले आणि पाणी आणायला उठले. बाबांवर गेलेय ना. (हशा) आजचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा का होईना, पण प्रामाणिक.

पांढऱ्या डोळ्यांचा नर

माशीच का, हा प्रश्न नेहमी येतो. कारण ती स्वस्त आहे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर, झालं तिचं जेवण. काही लॅबमध्ये तर केळं आणि गूळ घालून शिजवतात, वास थेट गुऱ्हाळासारखा. पंचवीस अंशाला अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस लागतात. म्हणजे माणसाच्या एका पिढीच्या वेळात माशीच्या शेकडो पिढ्या. गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या, आणि जनुकं साधारण चौदा हजार. आणि मुख्य गोष्ट, माणसाच्या आजारांशी संबंधित जी जनुकं माहीत आहेत, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं माशीत सापडतात. ड्युशेनमध्ये जे जनुक बिघडतं ते डिस्ट्रोफिन, तेही माशीत आहे. ते कमी केलं की माशीचेही स्नायू झिजतात. कसं कळतं? बाटली टेबलावर ठोकायची. निरोगी माश्या खाली पडतात आणि लगेच काचेवरून सरासरा वर चढतात. या माश्या चढत नाहीत. खालीच फिरत राहतात.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला जिन्यात थांबलेला माझा भाऊ आठवला. खोटं कशाला बोलू.

आता मागे जाऊ. १९१०. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन दुधाच्या बाटल्यांमध्ये माश्या पाळत होता. सगळ्यांचे डोळे लाल. एके दिवशी त्यात एक नर निघाला, डोळे पांढरे. त्यानं त्याचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला. पहिली पिढी, सगळे लाल. त्यांची पुढची पिढी, पांढरे डोळे परत आले, पण फक्त नरांमध्ये. साधारण निम्म्या नरांमध्ये.

असं का? मादीत एक्स गुणसूत्रं दोन. नरात एक्स एक आणि वाय एक. पांढऱ्या डोळ्याचा दोष एक्सवर बसलेला. मादीच्या एका एक्सवर तो असला तरी दुसरा एक्स सांभाळून घेतो, डोळे लालच दिसतात. नराकडे सांभाळून घ्यायला दुसरा एक्सच नाही. आणि नराला त्याचा एकमेव एक्स मिळतो तो आईकडून.

डिस्ट्रोफिनचं जनुक माणसात एक्सवर आहे. म्हणून ड्युशेन जवळजवळ नेहमी मुलांना होतो. आई स्वतः धडधाकट असते, पण तिच्या एका एक्सवर दोष असू शकतो. तसा असेल तर प्रत्येक मुलाला तो आजार व्हायची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी आईसारखी वाहक असण्याची शक्यता निम्मी. आणि सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये दोष आईकडूनही आलेला नसतो, तो नव्यानंच घडलेला असतो.

हे एवढं तपशिलात का सांगतेय? कारण आत्याला आयुष्यभर दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. एक, "तुझ्याच पोटी असं कसं?" आणि दुसरी, "नात्यात दिली म्हणून झालं." आत्याचे यजमान म्हणजे तिच्या आत्याचाच मुलगा. आपल्याकडं मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगायची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. नात्यातल्या लग्नामुळे काही आजारांचा धोका वाढतो, हे खरं. पण ड्युशेन त्यातला नाही. तो एक्सवरचा आहे, बापाचा एक्स मुलाला जातच नाही. यजमान नात्यातले असोत की परमुलखातले, या आजाराला काही फरक पडत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका चिलटानं हे सिद्ध केलं होतं, आणि आमच्या घरात ते कुणाला माहीत नव्हतं. मलाही, मी हे पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आले होते तरी, आत्याशी ते जोडायला इतकी वर्षं लागली.

गोफण

तर मॉर्गनला तो नर नशिबानं मिळाला. नशिबाची वाट किती बघणार? १९२७ मध्ये हर्मन म्युलरनं माश्यांवर क्ष-किरण सोडले आणि दाखवून दिलं की यानं जनुकांत बदल घडतात, तेही भराभर. पुढे रसायनं वापरली गेली. पण ही सगळी गोफण. अंधारात गोफण फिरवायची, धोंडा सोडायचा, आणि सकाळी उठून बघायचं की गावात कुणाची काच फुटली. काच फुटलेलं घर सापडलं की म्हणायचं, अच्छा, या घराचं हे काम होतं.

गोफणीला कमी समजू नका. १९८० मध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी याच पद्धतीनं हजारो माश्यांच्या वंशावळी तपासून, अळीचं शरीर घडवणारी जनुकं शोधली. १९९५ चं नोबेल त्यांना आणि एडवर्ड लुईसना मिळालं. पण मला जर एकच घर हवं असेल, माझ्या मनातलं, तर गोफणीचा उपयोग नाही.

१९८२ मध्ये एक पाऊल पुढे पडलं. जेराल्ड रुबिन आणि अ‍ॅलन स्प्रॅडलिंग यांनी पी एलिमेंट नावाचा, गुणसूत्रात स्वतःहून शिरणारा डीएनएचा तुकडा वाहन म्हणून वापरला आणि त्यावर बसवून माशीत नवं जनुक घातलं. आता घालता येत होतं. पण ते कुठं बसेल ते आपल्या हातात नव्हतं. पाहुणा घरात आला, पण खुर्चीवर बसेल, माळ्यावर चढेल की चुलीपुढं जाऊन बसेल, त्याची मर्जी.

वाकळ

हवी ती जागा गाठायची कशी? उंदरात ते १९८० च्या दशकातच जमलं, कारण उंदराच्या मूळ पेशी बाहेर वाढवता येतात, त्यात बदल करून परत भ्रूणात घालता येतात. माशीत तशी सोय नव्हती. त्यामुळे ज्या प्राण्यानं जनुकशास्त्र शिकवलं, त्याच प्राण्यात नेमका बदल करायला २००० साल उजाडलं. यिकांग राँग आणि केंट गॉलिक या दोघांनी ते करून दाखवलं.

त्यांची युक्ती समजून घ्यायला वाकळ आठवा. आजी वाकळ शिवायची ना, जुन्या लुगड्यांची? वाकळ मधेच फाटली तर ठिगळ लावताना आजी काय करायची? काठांशी जुळणारा तुकडा शोधायची. दोन्ही कडा जुळल्या की मधलं कापड वेगळ्या रंगाचं असलं तरी बसतं. पेशीही तेच करते. डीएनए तुटला की ती घाबरते, आणि आजूबाजूला जुळणाऱ्या मजकुराचा तुकडा दिसला तर तो बघून दुरुस्ती करते.

राँग आणि गॉलिक यांनी ठिगळ आधीच माशीच्या गुणसूत्रात कुठंतरी ठेवून दिलं. मग माशीला थोडी गरमी देऊन दोन एन्झाइम जागी केली. एकानं ते ठिगळ गुणसूत्रातून सोडवून बाहेर काढलं, दुसऱ्यानं त्याला कापून टोकं मोकळी केली. मोकळी टोकं दिसली की पेशीची दुरुस्तीची गडबड सुरू, आणि ते ठिगळ आपल्या मजकुराशी जुळणाऱ्या जागी जाऊन बसलं. त्यांनी निवडलेलं जनुक होतं यलो, माशीच्या अंगाचा रंग ठरवणारं. जमलं की नाही ते माशीकडं नुसतं बघून कळायचं.

फार सुंदर काम. पण किती किचकट! आधी ठिगळवाली माशी बनवा, मग एन्झाइमवाल्यांशी संकर, मग हजारो पिल्लांतून एखादी शोधा. एका जनुकासाठी अनेक महिने.

मग २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पेंटिये यांनी क्रिस्पर-कॅस९ ची कात्री दाखवली. २०२० चं नोबेल त्याचंच. २०१३ मध्ये अनेक लॅबनी ती माशीत चालवून दाखवली. कल्पना तुम्ही रोज फोनवर वापरता ती आहे, सर्च. वीस अक्षरं टाइप करायची. ती वीस अक्षरं म्हणजे मार्गदर्शक आरएनए. कॅस९ नावाचं प्रथिन तो आरएनए घेऊन माशीच्या सुमारे अठरा कोटी अक्षरांत हिंडतं, आणि ती वीस अक्षरं जिथं जुळतात तिथं डीएनए कापतं. अट एकच, त्या वीस अक्षरांना लागून दोन जी हवेत.

कापल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. पेशी घाईघाईत टाके घालते, दोन-चार अक्षरं गळतात, जनुक बंद पडतं. किंवा आपण जुळणाऱ्या कडांचं ठिगळ दिलं असेल तर ती ते बघून दुरुस्ती करते, आणि आपल्याला हवा तो बदल आत जातो. बघा, वाकळ तीच आहे. फरक एवढाच की आता भोक नेमकं कुठं पडणार ते आपण ठरवतो.

आपल्याकडचं काम

हे सगळं अमेरिकेत-युरोपात झालं असं वाटेल. पण माशीचं घर आपल्याकडंही जुनं आहे. मुंबईत टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज तिथं आल्या आणि माशी वास आणि चव कशी ओळखते याची जनुकं त्यांनी सिद्दीकींबरोबर शोधायला घेतली. बरणीतल्या गोफणीच्या दिवसांतलं काम ते. वास न येणाऱ्या माश्या एकेक करून निवडायच्या.

आणि पुण्यात आयसरमध्ये गिरीश रत्नपारखी यांची लॅब एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराचा एक प्रकार माशीत अभ्यासते. आगरकर संशोधन संस्थेत अनुराधा रत्नपारखी याही त्या कामात आहेत. त्या प्रकारात व्हीएपीबी नावाच्या प्रथिनात फक्त एक कडी बदललेली असते. माणसात छप्पन्नाव्या जागी प्रोलीनच्या ऐवजी सेरीन. माशीच्या प्रथिनात तीच जागा अठ्ठावन्नावी. बघा, टार्गेटिंग म्हणजे काय ते इथं कळतं. "हे जनुक" एवढं पुरत नाही. या जनुकातली ही जागा, या जागेवरचं हे अक्षर. पिनकोड नाही, घर नंबर.

माझी फजिती

आता माझ्या फजितीची गोष्ट. मी ज्या जनुकावर काम करते ते स्नायूंतलंच आहे. नाव सांगत नाही, पेपर छापायचाय अजून.

काम कसं असतं? माश्यांनी घातलेली अंडी तासाभराच्या आत गोळा करायची. का, तर सुरुवातीला अंड्यात नुसती केंद्रकं वाटत जातात, मध्ये पेशींच्या भिंतीच नसतात. तेवढ्या वेळातच, अंड्याच्या मागच्या टोकाला, जिथं पुढं बीजपेशी तयार होणार, तिथं केसाएवढ्या काचेच्या सुईनं आपलं मिश्रण टोचायचं. त्या बीजपेशींत बदल झाला तर पुढच्या पिढीत उतरणार. आमच्या ठिगळात एक खूण असते, तिच्यामुळं विशिष्ट प्रकाशात माशीचे डोळे लाल चमकतात. चमकले की समजायचं, काहीतरी बसलंय.

मी तीन वेळा टोचणी केली. शेकडो अंडी. जगलेल्या एकेका माशीचा वेगळ्या बाटलीत संकर. रात्री अकराला मायक्रोस्कोपखाली ब्रशनं माश्या बाजूला करतेय, डोळा चमकतोय का बघतेय. चार महिने. एकही नाही.

कात्री बोथट आहे म्हणून कात्री बदलली. सुई बदलली. शेवटी एका सीनियर ताईनं विचारलं, "तुझ्या माशीचा डीएनए वाचलास का त्या जागेवर?" मी म्हटलं, डेटाबेसमधून घेतलाय. ती म्हणाली, "डेटाबेसमधली माशी वेगळी, तुझ्या बाटलीतली वेगळी."

वाचला. माझ्या बाटलीतल्या माशांमध्ये त्या वीस अक्षरांत एक अक्षर वेगळं होतं, आणि तेही नेमकं कापायच्या जागेच्या जवळ. कात्री चांगली होती, सुई चांगली होती. पत्ता पुस्तकातला होता, आणि घर बदललं होतं. नवीन वीस अक्षरं मागवली. पुढच्याच टोचणीत दोन बाटल्यांमध्ये डोळे चमकले. मी त्या रात्री एकटीच लॅबमध्ये नाचले, हे कुणाला सांगू नका.

आणि हॉस्टेलवर चालत जाताना माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आत्याच्या मुलाचा पत्ता कुणी वाचला आहे का?

आत्याला उत्तर

नव्हता वाचला. रक्ताची साधी तपासणी झाली होती, आजाराचं नाव कळलं होतं, तिथं सगळं थांबलं होतं. "काही इलाज नाही" म्हटल्यावर कशाला अजून पैसे घालवायचे? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुणी सांगितलंच नव्हतं की नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिस्ट्रोफिन हे माणसातल्या सगळ्यात लांबलचक जनुकांपैकी एक, वीस लाखांहून जास्त अक्षरांचं, त्यात कामाचे तुकडे एकोणऐंशी. कुणाचे काही तुकडे गळालेले असतात, कुणाचे दुप्पट झालेले, कुणाचं एखादंच अक्षर चुकलेलं. आजाराचं नाव सारखं, पत्ता प्रत्येकाचा वेगळा. आणि आज जी काही औषधं जगात आली आहेत, त्यातली काही ठरावीक तुकडे गळालेल्या मुलांनाच लागू पडतात. पत्ता माहीत नसेल तर लागू आहे की नाही हेसुद्धा कळणार नाही.

आम्ही पुण्याला तपासणी केली. समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आत्याला समोर बसवून, कागदावर एक्स-वाय काढून समजावलं. भावाचे गळालेले तुकडे सापडले. मग तोच पत्ता घेऊन आत्याची तपासणी. ती वाहक निघाली.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे माझ्याकडनंच गेलं की."

मी तिला मॉर्गनच्या माश्यांची गोष्ट सांगितली. म्हटलं, आत्या, त्या लाल डोळ्यांच्या मादीला माहीत तरी होतं का तिच्या एक्सवर काय आहे? तिनं काय निवडलं होतं? देणं वेगळं आणि दोष वेगळा. ती म्हणाली, "माशीला सासू नसती, बाय."

(थोडा वेळ हशा)

आणि मग तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, जे रथाच्या दिवशी द्यायला हवं होतं. म्हटलं, माशीत मी बदल करते तेव्हा ती माशी नसतेच, तासाभराचं अंडं असतं. एका टोकाला टोचलं की पुढची सगळी पिढी बदलते. तुझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या पायात, हातात, छातीत, हृदयात, सगळीकडं स्नायू आहेत. कात्री तिथं प्रत्येक पेशीपर्यंत पोचवायची कशी, तिथं गाडी अडली आहे. रक्ताच्या आजाराचं वेगळं. सिकल सेलवर क्रिस्परची उपचारपद्धत २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाली, कारण रक्त बनवणाऱ्या पेशी शरीराबाहेर काढून दुरुस्त करून परत घालता येतात. स्नायू तसे काढता येत नाहीत. ड्युशेनवरही २०२३ मध्ये अमेरिकेत एक जनुकोपचार मंजूर झाला, पण ती दुरुस्ती नव्हे. डिस्ट्रोफिनचा कामाचा मजकूरच सुमारे अकरा हजार अक्षरांचा, आणि तो वाहून नेणाऱ्या विषाणूत पाच हजारसुद्धा मावत नाहीत. म्हणून आखूड केलेली प्रत पाठवतात. खर्च कोट्यवधी रुपयांचा, आणि त्यातले धोकेही दिसले आहेत. तेव्हा आज माझ्याकडं तुझ्या लेकरासाठी कात्री नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही. फिजिओथेरपी, डॉक्टर देतात ती स्टेरॉइडं, हृदयाची आणि श्वासाची वेळेवर तपासणी, यानं त्याची वर्षं आणि त्या वर्षांतलं सुख वाढतं, ते सोडायचं नाही.

पण पत्ता मिळाला, त्याचा एक उपयोग लगेच झाला. त्याच्या बहिणीसाठी स्थळं बघायला लागले होते. तिला तीच भीती होती, बोलत नव्हती एवढंच. आता तिला नुसती भीती धरून बसायची गरज नव्हती, विचारता येईल असा प्रश्न होता. नेमकी जागा माहीत होती, म्हणून तिची तपासणी सोपी होती. तिनं ती स्वतःहून केली. निकाल काय आला ते मी इथं सांगणार नाही. तो तिचा आहे, कुणाला सांगायचा ते ती ठरवेल. मला एवढंच सांगायचंय की निकाल काहीही आला असता तरी पुढचा रस्ता होता. वाहक असली तरी लग्न करता येतं, गरोदरपणात लवकर तपासणी करून घेता येते, निर्णय घेता येतो.

प्रश्नोत्तरं

एका मुलानं विचारलंय, "मॅडम, मग माणसाच्या अंड्यातच बदल का नाही करत, माशीसारखा?" चांगला प्रश्न. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञानं ते केलं. जुळ्या मुली जन्मल्या. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला आणि त्याला तुरुंगवास झाला. का? मी मघाशी सांगितलं, शेकडो अंडी टोचली, बऱ्याच मेल्या, काहींत भलतीकडंच कापलं गेलं, काहींत अर्ध्या पेशी बदलल्या आणि अर्ध्या नाही. अशा बाटल्या मी काय करते? फेकून देते. माणसाचं मूल फेकता येत नाही. एवढंच उत्तर पुरेसं आहे.

दुसरा प्रश्न, "मग माशीवर काम करून उपयोग काय, जर कात्री माणसापर्यंत पोचतच नाही?" अरे, कात्री पोचवायची पुढची वाट शोधायची तर आधी कळायला हवं की कुठं कापायचं आणि कापल्यावर काय होतं. ते माशीत दहा दिवसांत कळतं. शंभर चुका माशीत केल्या तर माणसात त्या कराव्या लागत नाहीत. मला पेपर मिळेल, पदवी मिळेल, पण माझा खरा हिशेब हा आहे.

तिसरा प्रश्न पोरींनी चिठ्ठीत लिहून दिलाय, नाव नाही. "आमच्या घरातपण असा आजार आहे, कुठं विचारू?" ताई, चिठ्ठी माझ्याकडं ठेवते. कार्यक्रम संपला की मी इथंच बसणार आहे. चहा घेऊन ये. आणि तोवर एक गोष्ट कर, घरी जाऊन वंशावळ काढ. कोण कुणाचं, कुणाला कधी काय झालं, कोण लहानपणी गेलं. आजीला विचार, तिला सगळं माहीत असतं. तो कागद घेऊन डॉक्टरांकडं जायचं. मॉर्गननंसुद्धा याहून वेगळं काही केलं नव्हतं.

आत्या यंदा रथाला आली होती. मुलगा व्हीलचेअरवर, वाटेच्या कडेला, खोबरं अंगावर पडलं की खूश. आत्यानं मला विचारलं, "काय म्हणत्यात तुझ्या माश्या?"

मी म्हटलं, "चढायला लागल्या आहेत थोड्या."

हे खरं आहे. नव्या जोडीतल्या माश्या बाटली ठोकल्यावर अर्ध्यापर्यंत चढतात. अर्ध्यापर्यंतच. पण आधी त्या तळालाच असायच्या.

चला, चहा.